लाईट गेली की: सोलापुरात काउन्सेलर होतानाचं पहिलं वर्ष

पहिल्या सुपरव्हिजनला मी अकरा पानं घेऊन गेले होते. सुपरव्हिजन म्हणजे आपण केलेलं काम आपल्याहून अनुभवी काउन्सेलरपुढं ठेवून त्याबद्दल बोलायचं, माझ्यासाठी त्या म्हणजे मॅडम. व्हर्बेटिम म्हणतात त्याला, म्हणजे सेशनमध्ये क्लायंट काय बोलली आणि आपण काय बोललो ते आठवेल तसं शब्दाला शब्द लिहून काढायचं. रात्री दीड वाजेपर्यंत जागून लिहिलेलं, अक्षर नीट काढलेलं, आणि मनात हेच की मॅडम वाचतील आणि छान केलंस म्हणतील. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि जिथं जिथं माझं वाक्य होतं तिथं समासात बारीक रेघ मारत गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. अकरा पानं झाल्यावर वही माझ्याकडं फिरवली आणि म्हणाल्या, "आता तिची वाक्यं कुठं आहेत तिथं तू मार." मी मारल्या. मोजायची गरजच पडली नाही, नुसतं लांबून बघितलं तरी दिसत होतं की पन्नास मिनिटं मीच बोलत होते, ती फक्त हो, नाही, बरं, करते मॅडम. एवढंच. आणि ती बाई पहिल्यांदाच कोणाकडं तरी मनातलं सांगायला आली होती.

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत चार-पाच मुलींनी विचारलं की ताई सोलापुरात राहून काउन्सेलर व्हायचं असेल तर काय करावं लागतं, कोर्स कुठला करू, फी किती. कोर्सचं सांगणारे भरपूर आहेत. कोर्स झाल्यावरच्या वर्षाचं कोणी सांगत नाही आणि माझ्यासाठी तेच वर्ष सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, म्हणून त्याबद्दलच लिहिते. आणि एक आधीच सांगते, खाली ज्या बायकांबद्दल लिहिलंय त्यांच्या गोष्टी जशाच्या तशा नाहीत, तपशील बदललेत, दोघी-तिघींचं मिळून एक केलंय, आणि जिचं सगळ्यात जास्त आलंय तिला विचारून, तिला वाचून दाखवून मगच लिहिलंय. एका मुलीचं तर जवळजवळ काहीच लिहिणार नाहीये, ते का ते पुढं कळेलच.

तर मी एमए सायकॉलॉजी केलं, मग काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा. तेवढ्यावर मी दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला गाळा घेऊन समुपदेशन केंद्र असा बोर्ड लावला असता तरी मला कोणी अडवलं नसतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन लागतं, तो कायदा १९९२ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मेंटल हेल्थ प्रोफेशनल कोणाला म्हणायचं ते लिहिलंय, त्यात सायकियाट्रिस्ट आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि नर्स आहेत, पण साधा काउन्सेलर त्यात नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात बिहेवियरल हेल्थ म्हणून एक गट केला आणि त्यात काउन्सेलर हा शब्द आला, पण मी कामाला लागले तेव्हा तुझ्यावर सुपरव्हायजर आहे का, असं मला कायद्यानं कोणीही विचारलं नाही. विचारलं ते संस्थेनं. मुलाखतीतच सांगितलं की पगार कमी आहे पण दर पंधरा दिवसांनी दीड तास सुपरव्हिजन मिळेल आणि ते चुकवायचं नाही, आजारी असलीस तर फोनवर घ्यायचं पण चुकवायचं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की हे आपल्यावर लक्ष ठेवायला आहे, आपल्या शाळेत इन्स्पेक्शनला साहेब यायचे तसं.

संस्था पूर्व भागात. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, इथं घराघरात बिड्या वळणाऱ्या बायका, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातल्या, आणि गल्लोगल्ली पॉवरलूम, चादरी-टॉवेलचे. आमची खोली वरच्या मजल्यावर आणि खाली टॉवेलचं शेड. दिवसभर खट्याक खट्याक चालू. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखायचं आणि मी म्हणलं इथं कोण बसून मन मोकळं करणार. पण उलट झालं. त्या आवाजामुळंच बायका बोलायच्या, कारण शेजारच्या खोलीत बसलेल्याला काही ऐकू जायचं नाही. भिंत आमची कसली, प्लायवूडची होती. खरी भिंत खालच्या लूमची होती. आणि लाईट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे, आणि बोलणारी बाई वाक्याच्या मध्येच आवाज खाली आणायची, मग गप्पच बसायची. लाईट येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीकडं बघत बसायचो. हे मी सुपरव्हिजनमध्ये सहज सांगितलं, तक्रार म्हणून, तर मॅडम म्हणाल्या, ही गोपनीयतेचीच गोष्ट आहे, हिला लाईटची अडचण समजू नकोस. मग आम्ही बॅटरीचा रेडिओ आणला, लाईट गेली की दाराबाहेर लावायचा. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकीला सांगायचं, लूम थांबले तर रेडिओ लावते, तरी तुला वाटलं की नको बोलायला तर नको बोलूस.

असल्याच बारीक गोष्टीत ते वर्ष गेलं. डिप्लोमाला आम्हाला तत्त्वं होती, स्वायत्तता, अपाय न करणं, भलं करणं, न्याय, निष्ठा, खरेपणा, पाठ करून पेपरात लिहिली आणि मार्क मिळाले. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५७ चा लेख होता, एम्पथी म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, बिनशर्त स्वीकार, मनात एक आणि तोंडावर एक नसणं. ते सगळं खरंच आहे, आज जास्त खरं वाटतं. पण स्वायत्तता हा शब्द अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत कसा दिसतो ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

ती बाई चाळिशीची. जिचं सगळ्यात जास्त आलंय असं वर म्हणलं तीच ही. मराठी तिला कळायचं पण बोलायला अडायची, रडू आलं की तर तेलुगूच. झोप नाही, छातीत धडधड, डॉक्टरांनी ईसीजी काढून काही नाही म्हणून सांगितलेलं. बरोबर तिची मुलगी यायची, सातवीतली, चुणचुणीत, दोन्ही भाषा पाण्यासारख्या. मी खूश होते की चला दुभाषी मिळाली. संमतीपत्र पुढं केलं, मराठीत टाईप केलेलं, दोन पानी. तिनं वाचलं नाही, मुलीनं बोटानं दाखवलं तिथं सही केली आणि मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी हसत म्हणाली, "मॅडम, आई विचारालीय ह्या कागदावर बिडी कार्डाचं काय होतंय का म्हणून." बिडी कार्ड म्हणजे बिडी कामगाराचं ओळखपत्र. मी पण हसले. आणि फाईलला लिहिलं, संमती घेतली.

तिसऱ्या सेशनला मी विचारलं की घरी कसं असतं, मालक कसे वागतात. बाई बोलायला लागली ती दोन-अडीच मिनिटं बोलतच राहिली. मग मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आई म्हणते सगळं बरं हाय."

मी ते तसंच व्हर्बेटिममध्ये लिहिलं. मॅडमनी त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तेव्हा हिचे हात काय करत होते?" मला सांगता येईना. मी मुलीकडं बघत होते ना, बोलणारी ती होती. मॅडम म्हणाल्या पुढच्या वेळी हात बघ. पुढच्या वेळी बघितले. बिडी वळणारी बाई रिकामी बसली तरी तिची बोटं रिकामी बसत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि तरी कधी बघितलं नव्हतं. ती पदराचा काठ अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरून गोल गोल वळत होती, टोक दुमडायची, सोडायची, परत वळायची, तंबाखूचा वास त्या बोटांना कायमचा. नवऱ्याचा विषय निघाला की बोटं थांबायची. मुलगी भाषांतर करताना म्हणायची काही नाही, भांडणं होतात थोडी, आणि आईची बोटं काठ घट्ट धरून थांबलेली.

मी त्या रात्री झोपले नाही. ती बारा वर्षांची पोर आईला पडणारा मार स्वतःच्या तोंडानं परक्या बाईला कशी सांगणार, आणि आई पोरीच्या तोंडून काय काय सांगणार. मी दोघींना एकाच वेळी अशा जागी बसवलं होतं जिथं खरं बोलताच येणार नाही. आणि ती सही? तिनं बिडी कार्डाच्या आशेनं केलेली सही होती ती, तिला कोणी विचारलंच नव्हतं की तू इथं कशासाठी आलीस आणि इथलं कुठं जातं.

मग आम्ही दुभाषी शोधायला लागलो आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. तेलुगू येणारी बाई याच भागात शोधली तर ती कोणाची तरी जाऊ, कोणाची तरी विहीण निघणार, सगळा समाज एकमेकांत. शेवटी जुळे सोलापूरला राहणाऱ्या एक रिटायर्ड नर्स मिळाल्या, त्यांची आठवड्यातून एक दुपार ठरवली. त्यांना मॅडमनी बसवून शिकवलं की बाई जे बोलेल ते मी म्हणूनच सांगायचं, ती असं म्हणते असं नाही, मधलं गाळायचं नाही, शिवी असली तर शिवी सांगायची, आपलं मत घालायचं नाही, आणि माझ्या बाजूला न बसता जरा मागं बसायचं म्हणजे क्लायंट माझ्याकडं बघून बोलेल. आणि संमतीपत्र मी परत केलं, या वेळी तोंडी, नर्सबाईंच्या तोंडून, एक एक वाक्य थांबून. इथं जे बोलशील ते तुझं आहे, तुझ्या परवानगीशिवाय कुठं जाणार नाही. माझ्या मॅडमना मी तुझ्याबद्दल सांगते पण नाव सांगत नाही, मी चुकू नये म्हणून सांगते. तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा लहान लेकरावर कोणी अत्याचार करतंय असं कळलं, किंवा कोर्टानं मागितलं, तर मात्र मला गप्प बसता येणार नाही, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, नवऱ्याला सांगणार का. नाही. सासूला? नाही. मग तिनं विचारलं, आणि मी मधेच यायचं सोडलं तर? मी म्हणलं सोडू शकतेस, कोणी बोलवायला येणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली. तोपर्यंत ती खुर्चीच्या कडेवर बसायची हे पण मी तेव्हाच बघितलं.

यायचं सोडण्यावरून आठवलं. एक दुसरी बाई सारखी सेशन चुकवायची, आणि मी नोटमध्ये लिहिलं होतं की क्लायंटमध्ये रेझिस्टन्स आहे, विषय जवळ आला की टाळते. मॅडमनी विचारलं, त्यांच्याकडं पाणी कोणत्या दिवशी येतं? मी गप्प. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की घरातली बाई सगळं सोडून नळाला, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे, मी पण त्याच शहरात राहते. पण फाईल लिहायला बसलं की आपण पुस्तकातले होऊन जातो. तिची वेळ पाण्याच्या रोटेशनप्रमाणे बदलली, त्यानंतर एकदाच चुकली.

आता माझ्या चुकीचं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, होम मैदानावर गर्दी, मी भाचीला घेऊन पाळण्याच्या रांगेत उभी, आणि समोर माझी एक क्लायंट, सासू आणि नणंद बरोबर. इतकी छान दिसत होती, केसात गजरा, मला इतका आनंद झाला की मी हाक मारली आणि म्हणलं, "काय गं, बरी आहेस ना, झोप लागते का आता?" तिचा चेहरा उतरला. सासूनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती म्हणाली, "शाळेतल्या बाई आहेत," आणि निघून गेली. दोन आठवडे आली नाही.

मी हे मॅडमना सांगितलं नाही. त्या वेळच्या सुपरव्हिजनला दोन दुसऱ्या केसेस नेल्या, चांगल्या चाललेल्या. दीड तास संपत आला आणि मॅडमनी वही मिटून विचारलं, "आज काय आणलं नाहीस?" बस एवढंच. आणि मला जे रडू आलं ते आवरेना. मला वाटत होतं त्या रागावतील, लिहून घेतील, काढून टाकतील. त्या म्हणाल्या आधी हे सांग की तू हाक का मारलीस. मी म्हणलं आनंद झाला म्हणून. कोणाचा आनंद? माझा. ती बरी झाल्याचा, म्हणजे मी बरी केल्याचा. हे माझ्या तोंडून निघायला वीस मिनिटं लागली. मॅडमनी मला त्यातून सोडवलं नाही आणि दोषही दिला नाही, दोन्ही केलं नाही, मी स्वतः त्या वाक्यापर्यंत पोचेपर्यंत बसून राहिल्या. सुपरव्हिजन म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे हे मला त्या दिवशी कळलं. इन्स्पेक्शनला आपण चांगली वही पुढं करतो.

ती क्लायंट नंतर आली. मी सगळ्यात आधी माफी मागितली, कारणं न देता. तिनं सांगितलं की घरी तीन दिवस चौकशी चालली होती, कुठल्या शाळेतल्या बाई, कशाला झोपेचं विचारलं. मी बोललेल्या एका वाक्याची किंमत तिनं तीन दिवस भरली. त्यानंतर मी प्रत्येक क्लायंटशी पहिल्याच भेटीत ठरवून घेते की बाहेर दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तू दाखवलीस तर दाखवेन, तू सांगशील तीच ओळख. सोलापूर लहान आहे, नवी पेठेत दिसणार, लग्नात एका पंगतीत बसणार, आपल्या मावशीची ती भाडेकरू निघणार. पुस्तकात लिहिलंय की दुहेरी नाती टाळा. इथं पूर्ण टाळता येत नाहीत, पण झाकून ठेवायची नाहीत, क्लायंटशी आणि सुपरव्हायजरशी बोलायची, एवढं तर करता येतं.

आता जिचं जवळजवळ काहीच लिहिणार नाही म्हणलं होतं त्या मुलीबद्दल. पंधरा वर्षांची. तिनं जे सांगितलं ते पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, बसणारं होतं आणि सांगून झाल्यावर ती म्हणाली, "कोणाला सांगू नका की ओ, प्लीज." डिप्लोमाला आम्हाला तारासॉफचा खटला होता, कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाचा १९७६ चा निकाल, गोपनीयता कुठं संपते त्याच्यावर मी पाच मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं. तिथं जिन्यात उभी राहून मॅडमना फोन लावताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. हात थरथरत होते. मी म्हणलं मॅडम, मी तिला शब्द दिलाय. मॅडम म्हणाल्या, "कोणता शब्द दिलायस, आठव. पहिल्या दिवशी तू तिला काय सांगितलं होतंस?" आणि तेव्हा मला आधार मिळाला, कारण पहिल्या दिवशी मी अपवाद सांगितले होते, तिच्या भाषेत सांगितले होते. पोक्सो कायदा २०१२ चा, त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, काउन्सेलर असो नाहीतर शेजारी, आणि कलम २१ प्रमाणे कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मॅडमनी मला शिक्षेची भीती घातली नाही. म्हणाल्या कळवायचं तर आहेच, प्रश्न एवढाच की तिच्या पाठीमागून की तिला बरोबर घेऊन.

मी आत गेले आणि तिला खरं सांगितलं. ती चिडली, म्हणाली तुम्ही पण तसल्याच. मी ते ऐकून घेतलं. मग हळूहळू, जे तिच्या हातात ठेवता येईल ते सगळं तिच्या हातात ठेवलं, आईला आधी कोण सांगणार, कोणत्या शब्दांत, मी बरोबर असू का नको, फोन माझ्यासमोर करायचा का. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाईनला, फोन केला तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. कायद्यात असंही आहे की लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. हे सगळीकडं आपोआप होतंच असं नाही, आठवण करून द्यावी लागते, नम्रपणे पण द्यावी लागते. आम्ही दिली. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या महिला अधिकारी आल्या. यापुढचं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे.

एवढंच सांगते की त्यानंतरच्या सुपरव्हिजनला मी गेले आणि बसल्या बसल्या म्हणलं, मॅडम, मला काही सुचत नाही, तुम्हीच सांगा मी आता काय करू. मॅडम गप्प. मी परत म्हणलं. मग त्या म्हणाल्या, हे वाक्य कोणाचं आहे? आणि ते त्या मुलीच्या आईचं वाक्य होतं, शब्दाला शब्द, आदल्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणलेलं. याला पॅरलल प्रोसेस म्हणतात, हॅरॉल्ड सर्ल्स या सायकियाट्रिस्टनी १९५५ मध्येच याच्यावर लिहिलंय, क्लायंटच्या खोलीतलं आपण नकळत उचलून सुपरव्हायजरच्या खोलीत आणतो. मॅडम कधी शिक्षिका व्हायच्या, कलम कुठलं, फॉर्म कुठला, कधी बरोबरीनं विचार करायच्या, कधी माझ्या आत काय चाललंय ते विचारायच्या. पण एकदा बोलता बोलता माझ्या वडिलांचं निघालं, ते गेले तेव्हाचं, तर त्यांनी अलगद थांबवलं. म्हणाल्या, हे मोठं आहे आणि याला जागा हवी, पण ती जागा मी नाही, मी तुझी सुपरव्हायजर आहे. दोन नावं दिली, दोघीही पुण्यातल्या, ऑनलाईन सेशन घेणाऱ्या. तेव्हा मला जरा लागलं होतं. आज मी त्यासाठी त्यांची ऋणी आहे.

अ‍ॅडव्होकसीचं म्हणजे क्लायंटच्या हक्कासाठी खोलीबाहेर काही करण्याचं लिहायचं राहिलं. मार्चपर्यंत माझ्याकडं सहा-सात बिडी कामगार बायका येत होत्या आणि बहुतेक जणी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगत होत्या. दिवसभर बसून हजार बिड्या वळायच्या, बिडी कारखान्याच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथं त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढायच्या, किती काढल्या ते आपल्याला नीट दाखवायचं नाही, पैसे तेवढे कमी, आणि बोललं तर पुढच्या वेळी बिडीचं पानच हलकं देणार. त्यांना छातीत धडधड व्हायची ती आदल्या रात्रीपासून. आणि मी त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवत होते. उपयोग होत होता, नाही असं नाही. पण मॅडमनी माझ्या फाईली एकापुढं एक टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, एवढ्या जणी एकच गोष्ट सांगत असतील तर ती एकेकीच्या मनातली राहिली का?

मी पेटलेच. दोन दिवसांत तीन पानी अर्ज लिहिला, १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याचं नाव घालून, त्यात नाकारलेल्या बिड्यांवरून होणारा वाद सोडवायची तरतूद होती ते शोधून काढून. मॅडमनी वाचला, चांगला लिहिलायस म्हणाल्या, मग विचारलं, खाली सही कोणाची? माझी. आणि उद्या ब्रँचमध्ये चौकशी झाली तर पान कोणाचं बंद होणार? मी खाली बसले. आणि त्या बायका माझ्याकडं येतात हेच गुपित आहे, माझ्या अर्जानं ते पण फुटलं असतं. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशननं २००३ मध्ये अ‍ॅडव्होकसीची कौशल्यं म्हणून जे मांडलं त्यात हा फरक केलेलाच आहे, क्लायंटच्या बरोबर राहून करायचं आणि क्लायंटच्या वतीनं करायचं. मला तो तेव्हा कळला, अर्ज हातात घेऊन.

अर्ज मी फाडला नाही, कपाटात ठेवला. मी एकेकीला विचारलं, तुम्हाला यातलं काही करायचंय का, काही नाही केलं तरी चालेल. दोघी नको म्हणाल्या आणि ते तिथंच संपलं. बाकीच्यांनी विचार करून सांगितलं की तक्रार नको, पण आम्ही सकाळी एकदम मिळून जातो आणि म्हणतो की खराब बिड्या आमच्या समोर मोजा. काय म्हणायचं ते त्यांनीच ठरवलं, आमच्या खोलीत नाही, एकीच्या घरी. मी नव्हते. एका ब्रँचला समोर मोजायला लागले, दुसऱ्या ठिकाणी कारकून म्हणाला बघू, आणि अजून बघतोच आहे. कामगार कार्यालयात जायचं का यावर त्यांचं अजून एकमत नाही. मी कायद्याची माहिती तेलुगूत करून दिली, नर्सबाईंनी मदत केली, तो कागद त्यांच्याकडं आहे.

ती पदराचा काठ वळणारी बाई मे महिन्यात शेवटच्या सेशनला आली. शेवट एकदम करायचा नसतो, चार सेशन आधीपासून आम्ही त्याबद्दल बोलत होतो. नवरा सुधारला वगैरे काही झालेलं नाही. ती झोपते. मार पडला त्या रात्री ती मुलीला घेऊन बहिणीकडं गेली आणि दोन दिवसांनी आपल्या अटीवर परत आली, हे तिचं तिनं ठरवलं, मी असते तर परत गेले नसते आणि हे मी मॅडमना सांगितलं होतं, तिला नाही. १८१ चा महिला हेल्पलाईनचा नंबर तिनं तंबाखूच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवलाय.

बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, खाली लूम चालू. ती बहिणीच्या घरचं सांगत होती, नर्सबाई मागून सांगत होत्या, मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आणि लाईट गेली. सगळं एकदम शांत. शेजारच्या खोलीत कोणीतरी खोकलेलं स्पष्ट ऐकू आलं. मी सवयीनं उठले, रेडिओ घेतला, दाराकडं निघाले, तर ती म्हणाली, "वद्दु." नर्सबाईंनी त्याचं भाषांतर केलं नाही. मी रेडिओ खाली ठेवला आणि परत येऊन बसले, आणि तिनं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचललं, त्याच आवाजात.